मैदानाकडे पाठ

श्टोलनबेक, २३ मे

मेर्ले,

फोनवर तू मला बंद करून टाकलंस, म्हणून हे कागदावर. आता पोस्टमनला बंद करून दाखव. रोस्टॉकचा पत्ता तुझ्या मावशीकडून काढला. तुझी पुस्तकं पाठवायची आहेत म्हणून सांगितलं. पुस्तकं पाठवणार नाहीये. हवी असतील तर ये आणि घेऊन जा.

जाताना तू जिन्यावरून ओरडलीस की मी तुझ्या पप्पांना दोन हजार माणसांसमोर नागडं केलं. सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं. खालच्या म्हातारीनं माझ्याशी बोलणं सोडलंय. शब्द जरा जपून वापरावेत गं. मी शर्ट काढायला सांगितला. आत बनियन होता.

आणि ही रीत काही मी काढलेली नाही. संघ खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला की खेळाडूंनी आमच्या स्टँडच्या कुंपणापाशी यायचं आणि शर्ट उतरवून द्यायचे. शर्ट आमचा असतो, त्यांना नुसता घालायला दिलेला. लायकी संपली की परत. तू सहा वर्षांची असल्यापासून त्या स्टँडमध्ये उभी राहतेस, तुला मी हे शिकवायचं? कोन्कोर्डिया आता चौथ्या डिव्हिजनमध्ये खेळणार. माझे आजोबा खाणीतून वर यायचे ते थेट या मैदानावर, तोंड न धुता. त्यांना मी काय सांगू? थडग्यापाशी जाऊन?

बरोबरी पुरली असती. नुसती बरोबरी! शेवटची काही मिनिटं राहिली होती, आणि त्यांचं ते मिसरूड न फुटलेलं पोरगं तुझ्या पप्पांच्या बाजूनं असं निघून गेलं, जसं कुणी मैलाच्या दगडाच्या बाजूनं जातं. गोल. दगड तरी किती मैल झाले ते सांगतो. एकोणचाळिसाव्या वर्षी कप्तानाचा पट्टा दंडाला बांधून उभं राहायचं कशाला मग? घरी बसावं.

बाकीच्या पोरांनी शर्ट आल्या आल्या फेकले. त्यांना काय, पुढच्या मोसमात कुठल्या ना कुठल्या क्लबात जाणारच होते. तुझे पप्पा सगळ्यांच्या मागून आले, लंगडण्याचं नाटक करत. मी भोंग्यातून म्हटलं, "कप्तान, तुमचाही." मी 'तुम्ही' म्हटलं, लक्षात ठेव. एर्डाल ड्रम बडवत काय काय म्हणत होता ते तू ऐकलंच आहेस.

ते कुंपणाच्या अगदी जवळ आले. "टिल," म्हणाले, "तू बघितलंस का?"

मी म्हटलं, "सगळं बघितलं."

मग त्यांनी शर्ट काढला, त्याची घडी घातली (घडी, मेर्ले! घरी कपाटात ठेवतात तशी) आणि जाळीवरून माझ्या हातात दिली. बस्स. एवढंच झालं. यासाठी तू साडेपाचशे किलोमीटर पळालीस.

टिल

श्टोलनबेक, ९ जून

मेर्ले,

उत्तर नाही. ठीक आहे. आमची आई म्हणते, "जिला बोलायचं नसतं तिला पत्र लिहिणं म्हणजे भिंतीला दाणे टाकणं." ती सकाळी बेकरीतून येते तेव्हा मी कामावर निघालेला असतो, त्यामुळे आमचं सगळं बोलणं दारात होतं आणि त्यात मीच हरतो.

शर्टाची चौकशी तू मावशीकडे केलीस म्हणे. माझी नाही, शर्टाची. तर तो सुखरूप आहे. आम्हा स्टँडवाल्यांच्या खोलीत, भिंतीवर, सगळ्यांना दिसेल असा. आणखी काय हवं?

दुसरी बातमी तुला तुझ्या पप्पांनी सांगितली नसेल, ते काही सांगत नाहीत. क्लबनं त्यांना सोडलं. चौदा वर्षांनंतर. नवा व्यवस्थापक पेपरात म्हणाला की "पिढी बदलायची वेळ आली आहे." निरोपाची मॅच नाही, काही नाही. ऑफिसच्या मागे गाड्या लावतात तिथं एक गुच्छ दिला आणि फोटो काढला. फोटोत तुझे पप्पा गुच्छ असा धरून उभे आहेत जसं कुणाच्या तरी पोराला दोन मिनिटं सांभाळायला घेतलंय. मला हसू आलं आणि मग आलं नाही. पण हे मी केलेलं नाही, बरं का. ही ऑफिसातली माणसं मॅचला काचेमागे बसतात. आम्ही पावसात उभे असतो. आमचा राग आणि त्यांचा हिशेब एकाच टोपलीत टाकू नकोस.

तुझा समुद्रावरचा फोटो एर्डालच्या बहिणीनं दाखवला. शेजारी तो कोण उंट उभा आहे? हँडबॉलवाला असणार. हातानं चेंडू खेळणाऱ्या माणसावर माझा कधीच विश्वास नव्हता.

मी बोखुमचं कॉलेज सोडलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "टिल, तू इंजिन शिकायला गेलास आणि बाहेरगावच्या मॅचच्या बसमध्ये बसून राहिलास." ते वाक्य मी अजून बिअरच्या क्रेटसारखं उचलतोय. डेपोत रोज शेकडो क्रेट उचलतो. त्यात हे एक.

कॉलेज मी तुझ्यासाठी सोडलं असं लोकांना सांगतो. ऐकायला बरं वाटतं.

टिल

श्टोलनबेक, २ जुलै

मेर्ले,

तुझं कार्ड आलं. समोर दीपस्तंभ, मागे तुझं अक्षर. तीन वाक्यं. "पप्पांचा शर्ट त्यांना परत दे. जिथं घेतलास तिथंच, सगळ्यांसमोर. मग बोलू."

ना 'प्रिय', ना 'तुझी'. पोलिसांकडून आलेली नोटीस यापेक्षा गोड असते.

नाही देणार. का देऊ? सगळ्या स्टँडकडून गाणी म्हणवून घ्यायला त्या लोखंडी चौथऱ्यावर मला उगाच नाही चढवलेलं. तिथं उभं राहायचं म्हणजे काय, तुला माहीत आहे. सगळ्या मोसमात मैदानाकडे पाठ. ऊन, पाऊस, बर्फ, पाठ मैदानाकडे आणि तोंड तुमच्याकडे. गोल झाला तरी मी तो बघत नाही, तुमच्या तोंडांवर वाचतो. आधी वरच्या रांगेतले म्हातारे डोळे मोठे करतात, मग मधले हात वर जातात, मग तू. तिसऱ्या खांबाजवळ, पिवळी टोपी. तुझ्या तोंडावरून मला चेंडू कुठल्या बाजूला आहे ते कळायचं. थट्टा नाही करत. एकदा तू डोळे मिटलेस आणि मी गाणं थांबवलं, आणि मागे पेनल्टी होती.

असं वाचता यायला आयुष्य जातं. आणि त्या दिवशी दोन हजार तोंडांवर एकच गोष्ट लिहिली होती : कप्तान हाइको राडेमाखरनं घात केला. तुझ्यासुद्धा. तू ओरडत होतीस, मी बघितलं. मग आता काय झालं? स्टँडमध्ये एक आणि रोस्टॉकला गेल्यावर दुसरं?

रागात लिहितोय. फाडणार होतो. नाही फाडत.

टिल

श्टोलनबेक, २७ जुलै

मेर्ले,

बसली आहेस ना? बस.

शर्ट भिंतीवर होता हे खरं. कसा होता ते मी लिहिलं नव्हतं. उलटा होता. दुसऱ्या क्लबांचे हिसकावलेले झेंडे आपण जसे खोलीत उलटे टांगतो, त्यांच्याच रांगेत, कॉलर खाली. पोरं बिअर घेऊन यायची आणि पहिला घोट त्याच्यावर उडवायची. मीपण उडवला. दोनदा. तू गेल्याच्या आठवड्यात.

परवा गेलो आणि काढायला लागलो. एर्डाल ड्रमवर बसला होता.

"काय करतोयस?"

"दिसत नाही? काढतोय."

"पोरीनं शिट्टी मारली वाटतं."

"तोंड सांभाळ."

"अरे वा! दोन हजार लोकांना गप्प करणारा माणूस, आणि एका कार्डावर शेपूट हलवतोय. कॉलेजात एवढंच शिकवलं का?"

पुढचं सांगत नाही. माझा ओठ फुटला, त्याचा ड्रम. ड्रमचं त्याला जास्त लागलं.

घरी आईनं शर्ट बघितला, नाक धरलं आणि मी हो-नाही म्हणायच्या आत मशीनमध्ये टाकला. इस्त्रीही केली. मी तो कागदी पिशवीत घालून तुझ्या पप्पांकडे गेलो. म्हटलं, सगळ्यांसमोर नाही तर नाही, हातात तर देतो. पळवाट होती, मला ठाऊक आहे.

त्यांनी दार उघडलं. "बूट बाहेर," म्हणाले. एवढंच. जणू मी दर मंगळवारी येतो. पाय खुर्चीवर, पोटरीला पट्टा. टेबलावर ब्रेड आणि आंबवलेल्या काकड्या. माझ्यापुढे काकडी सरकवली. मी पिशवी पुढे केली. त्यांनी शर्ट काढला, नाकाशी नेला.

"धुतलास?"

"आईनं. बिअर पडली होती त्याच्यावर."

"भिंतीवरच्या शर्टावर बिअर कशी पडते?"

मी काकडी उचलली.

"उलटा टांगला होता?"

"हो."

"हं. म्हणजे रक्त डोक्यात उतरलं असेल बिचाऱ्याच्या." मग हसले नाहीत. "त्या दिवसाचं गवत होतं रे त्यावर. शेवटचं. तेवढंही ठेवलं नाहीत तुम्ही."

शर्ट परत पिशवीत घातला. मग म्हणाले, "तू सगळं बघितलं म्हणाला होतास ना? बस. आता बघ." आणि टीव्हीवर ती मॅच लावली.

मेर्ले, मी आपल्या मैदानावरची मॅच पहिल्यांदा बघितली. सोळाव्या वर्षी चौथऱ्यावर चढलो तेव्हापासून पहिल्यांदा.

गोलच्या बऱ्याच आधी ते एका चेंडूसाठी ताणतात आणि पोटरी धरतात. हात वर करतात. बाकावरून प्रशिक्षक दोन्ही हात पसरतो. बदली खेळाडू संपलेत. बाहेर गेले असते तर दहाच उरले असते. ते जात नाहीत. एका पायावर, पोरांना हातानं इकडे सरक, तिकडे सरक करत उभे राहतात. आणि ते मिसरूड न फुटलेलं पोरगं येतं. मैलाचा दगड नव्हते गं ते. त्या पायावर वळताच येत नव्हतं.

आणि पडद्याच्या कोपऱ्यात कुंपण. कुंपणावर एक पाठ. हात नाचवणारी.

"तो कोण?" तुझ्या पप्पांनी विचारलं.

"मी."

"पाठ बरी आहे. खांदे जरा सैल सोड."

त्या पाठीच्या वर, तिसऱ्या खांबाजवळ, पिवळा ठिपका. तू. दोन्ही हात तोंडाभोवती. गोलच्या आधीपासून, मेर्ले. पोटरी धरल्यापासून तू ओरडत होतीस. माझ्याकडे बघून. त्यांना लागलंय, हेच ओरडत होतीस ना? ड्रममध्ये काही ऐकू येत नव्हतं. मला वाटलं, सगळ्यांसारखी तूही शिव्या घालतेस. मी भोंगा तुझ्याकडे वळवला आणि आणखी जोरात गायला लावलं.

निघताना पिशवी त्यांनी माझ्या हातात परत दिली. "मेर्लेनं कुठं द्यायला सांगितलंय?"

"कुंपणापाशी. पण तुम्ही आता तिथं कुठं असता?"

"बघू," म्हणाले, आणि दार लावलं.

टिल

श्टोलनबेक, ३० ऑगस्ट

मेर्ले,

'बघू' म्हणजे काय ते कळलं. हामरवीक! तुझे पप्पा हामरवीककडून खेळणार! ट्रामनं वीस मिनिटांवरचा क्लब, ज्याचं नाव आमच्या घरात जेवताना घेत नाहीत. पेपरात फोटो आहे. हिरव्या शर्टात. हसतायत. चौदा वर्षांत आमच्या शर्टात असे हसले नव्हते.

आई म्हणाली, "तुम्ही दिलेला शर्ट तुम्हीच काढून घेतला. मग त्यांनी काय बनियनवर खेळायचं?" मी दार आपटून निघालो. दहा मिनिटांनी परत आलो, डबा विसरलो होतो. तिनं तो दाराबाहेर ठेवला होता.

मी काय वाटून घ्यावं ते तूच सांग. सकाळी मला त्यांचे पाय धरावेसे वाटतात आणि संध्याकाळी पोरांबरोबर बसलो की मीच सगळ्यात घाण गाणं रचतो. रचलंय. 'गद्दार' शब्दाशी 'म्हातारा' जुळवायला अर्धा तास लागला. माझी लाज वाटते आणि चालही चांगली जमली आहे.

बारा ऑक्टोबरला हामरवीक आपल्या मैदानावर आहे. म्हणजे ते त्या कुंपणापाशी असतील. तू म्हणालीस तिथंच, सगळ्यांसमोर. मी देणार आहे. ये. उंटाला आणलंस तरी चालेल. नाही, चालणार नाही. एकटी ये. खांबाजवळ उभी राहा. मी वर चढलो की आधी तिकडेच बघीन, नेहमीसारखा.

टिल

श्टोलनबेक, १४ ऑक्टोबर

मेर्ले,

जे झालं ते तुला कुणी ना कुणी सांगणारच, पण माझ्या तोंडून ऐक.

मी वर चढलो. आधी खांबाकडे बघितलं. टोपी नव्हती. खेळ सुरू व्हायला वेळ होता, तरी मी ठरवून टाकलं. म्हटलं, नाही आली. संपलं. मग संघ बाहेर आले. माझ्यासमोर शिट्ट्यांचा डोंब उसळला, म्हणजे तुझे पप्पा आले असणार. एर्डालनं ड्रमवर माझ्याच गाण्याचा ताल धरला. दोन हजार तोंडं माझ्याकडे, भोंगा कधी उचलतो म्हणून. आणि मी भोंगा उचललाच नाही.

मी वळलो.

कुंपणावर, चौथऱ्यावर, मैदानाकडे तोंड करून उभा राहिलो. असं कुणी करत नाही. मागून आधी हसले. मग, "अरे, भोंगा!" मग, "टिल, मेलास का?" मग पाठीवर पहिला ग्लास फुटला. प्लास्टिकचा, भरलेला. थंड बिअर मानेतून खाली. मी हललो नाही. नंतर मोजणं सोडलं.

मी तुझ्या पप्पांना बघत होतो. ते धावत नाहीतच गं. कुणी मला हे का सांगितलं नाही? आपली पोरं कुत्र्यासारखी चेंडूमागे पळतात आणि चेंडू जिथं जातो तिथं हे आधीच उभे असतात, बस चुकू नये म्हणून लवकर आलेल्या माणसासारखे. हामरवीकनं एक गोल केला आणि तेवढ्यावर जिंकले. आपल्याला त्यांनी एकही करू दिला नाही.

शिट्टी झाल्यावर मी भोंगा उचलला. "कप्तान! इकडे या!"

पोरांना वाटलं आता शिव्या. टाळ्या पडल्या. ते आले. लंगडत नव्हते. मी पिशवीतून शर्ट काढला आणि जाळीवरून पुढे केला. तेव्हा मागे जो गलका झाला, तसा मी कधी करवूनसुद्धा घेतला नव्हता.

"मी बघितलं नव्हतं," मी म्हटलं. भोंग्यातून म्हणायचं होतं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. भोंगा हातात होता. तोंडापाशी नव्हता. तेवढं धैर्य झालं नाही. हेही लिहून टाकतो.

त्यांनी शर्ट घेतला. इस्त्रीची घडी मोडली. त्यानं तोंड पुसलं, मान पुसली, दोन्ही काखा पुसल्या, नीट, वेळ घेऊन. मग चुरगळून जाळीवरून माझ्या छातीवर फेकला.

"आता धुऊ नकोस, पोरा."

आणि गेले. हिरवा शर्ट, पाठीवर नाव.

मला चौथऱ्यावरून उतरवलं. उतरवलं म्हणजे ओढलं. भोंगा घेतला. एर्डाल मला दारापर्यंत सोडायला आला, म्हणजे हाकलायला, पण बाहेर आल्यावर त्यानं स्वतःचं कोरडं जॅकेट मला दिलं.

"मूर्खा," म्हणाला, "ती आली होती."

"कोण?"

"डोंबल! कोण म्हणे. पहिला ग्लास पडायच्या जरा आधी. खांबाजवळ. टोपी नव्हती. शेवटपर्यंत उभी होती, तुझ्या पाठीकडे बघत."

"मला सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? तुझ्या पाठीला? सगळा स्टँड तुला हाका मारत होता, तू वळलास का एकदा तरी?"

मी विचारलं, कधी गेली. म्हणाला, तुझ्या पप्पांनी शर्टानं तोंड पुसलं तेव्हापर्यंत होती. मग तोंडावर हात धरला आणि गेली.

"हसत होती की रडत होती?"

"मला काय माहीत," एर्डाल म्हणाला. "तोंडं वाचायचं काम तुझं."

टिल

श्टोलनबेक, २३ नोव्हेंबर

मेर्ले,

भोंगा आता एर्डालच्या भावाकडे आहे. माझं गाणं चालतं, मी नसताना. मला त्या स्टँडमध्ये यायला मनाई आहे, म्हणून मी मैदानाच्या लांब बाजूला बसतो, निवृत्त खाणवाल्यांच्यात, गुडघ्यावर चादर घेणाऱ्यांच्यात. इथून सगळं दिसतं. परवा शेजारच्या म्हाताऱ्यानं सॉसेजचा अर्धा तुकडा दिला आणि विचारलं, "पहिल्यांदाच येतोयस का, पोरा?" मी हो म्हटलं.

एक सांगू? आपण फार वाईट खेळतो. शेतात सुटलेली वासरं बरी. याच्याकडे पाठ करून मी इतकी वर्षं दोन हजार माणसांना गायला लावलं, आणि एकानंही माझ्या कानात सांगितलं नाही.

शर्ट खुर्चीवर आहे. धुतला नाही. आई म्हणते, या घरात एक तर तो राहील नाही तर ती.

तू काही लिहिलं नाहीस. 'मग बोलू' म्हणाली होतीस. मी दिला होता, त्यांनी परत फेकला, आता हा दिला यात धरायचा की नाही ते तू ठरव. मी वाद घालत नाही. एवढंच कळव, हसत होतीस की रडत होतीस. दीपस्तंभाच्या मागे एक शब्द पुरे. नाही कळवलंस तर मी माझ्या मनानं वाचीन, आणि माझं वाचन कसं असतं ते तुला माहीत आहे.

टिल